हाताळणीतला दोष

माझ्या नवऱ्याला माझ्याबद्दल जवळपास सगळं माहीत आहे — मी घोरते ते, चिडते ते, सासूबाईंच्या खिचडीला मनातल्या मनात काय म्हणते तेही. ही गोष्ट मात्र त्याला माहीत नाही. आईबाबांना नाही, ऑफिसात नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी नाही. घरच्यांना सांगितलं तर म्हणतील, "जाऊ दे गं, होतं असं." त्या वाक्याचा मला संताप येतो. असं आपोआप होत नसतं — कुणीतरी करतं. मी केलं.

मी बोम्मसंद्र्यातल्या एका कंपनीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट डिझाइन करते. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून पुण्याहून बंगळुरात आले, मी इथेच वाढले. बाबांना माझं भारी कौतुक. मंडळाच्या गणपतीत ओळख करून देतात, "आमची मुलगी लोकांचे जीव वाचवते." लोक वा वा करतात. एका वर्षी तर शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी कपाटात तळाशी कोंबली आहे. दिसली की डोकं फिरतं. कुणावर चिडायचं? बाबांवर? त्यांनी बिचाऱ्यांनी काय केलंय?

थोडं स्टेंटबद्दल सांगावंच लागेल. स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक नळीतून लेसरने कापलेली जाळी. नागमोडी रिंगा, एकीपुढे एक, आणि त्यांना जोडणारे केसाएवढे दुवे — आम्ही त्यांना कनेक्टर म्हणतो. ही जाळी फुग्यावर घट्ट बसवून डॉक्टर मनगटातून हृदयापर्यंत नेतात, तिथे फुगा फुगवतात, जाळी उघडते आणि तुंबलेली वाहिनी मोकळी होते. आता कनेक्टर जास्त ठेवले तर स्टेंट ताठ होतो, वळणावर अडतो. कमी ठेवले तर सुळकन जातो. मी तिनाचे दोन केले. डॉक्टर खूश, साहेब खूश, आणि मी — माझे तर पाय जमिनीला लागत नव्हते.

पण कनेक्टर कमी केले की लांबीच्या दिशेने जाळीत दम राहत नाही. बाजूने दाबा, सोसेल. टोकाकडून ढकललं तर? हा प्रश्न मला पडायला हवा होता ना? पगार त्याचाच घेत होते ना मी? मला नाही पडला. रत्नक्कांना पडला.

रत्नक्का आनेकलहून कंपनीच्या बसने यायच्या. तपासणी विभागात मायक्रोस्कोपखाली एकेक स्टेंट बघायचा आणि डब्याच्या कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. शिक्षण दहावीपर्यंत. नजर मात्र अशी, की आम्ही इंजिनिअर ज्या चिरेवरून पुढे गेलो तिथे त्या हटकून थांबत. वयाने मोठ्या, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना अक्का म्हणायची. त्या मला मेडम म्हणायच्या. बोलणं सगळं कन्नडमध्ये.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात काचेची नळी, नळीत एक टाकाऊ नमुना, फुगवून उघडलेला. म्हणाल्या, "मेडम, इथून स्वल्प ढकलून बघा." मी काडीने ढकललं. टोकाच्या रिंगा एकमेकींवर चढून गोळा झाल्या, आणि मागे तेवढी नळी उघडी पडली.

त्यांनी मला समजावून सांगितलं — मला! इथे फुलांची माळ हातावर मोजून विकतात. लबाड फुलवाली गाठी लांब लांब मारते, म्हणजे थोड्या फुलांत हातभर माळ होते. घेताना छान दिसते. केसात माळली की फुलं सरकतात आणि एका बाजूला गोळा होतात. "तसंच आहे हे, मेडम. गाठ कमी पडतेय."

मी काय म्हणाले असेन? हसले. "अक्का, आत कोण ढकलायला जातंय? तुम्ही तुमचं काम करा." त्या "सरी मेडम" म्हणाल्या, म्हणजे 'बरं', आणि नळी घेऊन गेल्या.

कोण ढकलायला जातंय! डॉक्टर ढकलतात. स्टेंट नीट उघडला नसेल तर दुसरा फुगा आत घालावा लागतो, तो स्टेंटच्या तोंडाशी अडतो, मग जोर लावावा लागतो. हे मला माहीत होतं. मी काल कॉलेजातून आलेली पोर नव्हते. पण डिझाइन माझं होतं, कौतुक ताजं होतं, आणि तपासणीतल्या एका बाईने गजऱ्याचा दाखला देऊन मला माझी चूक दाखवावी? — खरं कारण एवढंच आहे. एवढंसं, घाणेरडं.

काही महिन्यांनी शहरातल्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली. स्टेंट बसवल्यावर दुसरा फुगा घालताना तो तोंडाशी अडला, जोर लावल्यावर रिंगा गोळा झाल्या आणि वाहिनीचा तेवढा भाग उघडा पडला. डॉक्टरांनी आत आणखी एक स्टेंट बसवून निभावून नेलं. माणूस वाचला. या प्रक्रियेत पेशंट जागा असतो, हे तुम्हाला माहीत आहे का? तो सगळा वेळ तो जागा होता.

आणि कारण शोधायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

हॉस्पिटलने पाठवलेली त्या प्रक्रियेची चित्रफीत बघितल्या बघितल्या मला कळलं. तरी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत मी कारण शोधत नव्हते — माणूस शोधत होते. डब्याच्या कागदावर सही होती. रत्नक्कांची. मी लिहिलं: "हाताळणीतला दोष. तपासणीच्या वेळी चिमट्याचा जास्त दाब पडून टोकाच्या रिंगा कमकुवत झाल्या असण्याची शक्यता." शक्यता! काय सोयीचा शब्द आहे. पुरावा काही नव्हता. त्या चिमटा कसा धरतात, हे नव्या मुलींना दाखवायला मीच त्यांना उभं करायची.

त्यांना बोलावलं गेलं. एचआरचा माणूस उत्तरेकडचा, त्याला कन्नड येईना. म्हणून अहवाल त्यांना कन्नडमध्ये कोणी सांगितला? मी. शेजारच्या खुर्चीत बसून, अक्का म्हणत, सावकाश, एकेक वाक्य. "तुमच्या हाताने झालं असावं, अक्का." त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. पालथे केले, सुलटे केले. मी वाट बघत होते, आता म्हणतील — मेडम, मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यावरचं माझं उत्तरही तयार होतं. त्यांनी एकदाच विचारलं, "पेशंट?" एचआरचा माणूस कागद आवरत होता. मी उत्तर दिलं नाही.

तुम्हाला काय वाटतं, मला लाज वाटली? राग आला. त्यांचाच. भांडत का नाही ही बाई? ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं.

थांबा, अजून आहे. पुढच्या डिझाइनमध्ये मी टोकाच्या रिंगांना तिसरा कनेक्टर परत घातला. मधे दोन, टोकाला तीन — वळतोही आणि टिकतोही. मीटिंगमध्ये विचारलं, हे कसं सुचलं? मी उभी राहिले आणि फुलांच्या माळेचा दाखला दिला. लबाड फुलवाली, लांब लांब गाठी, सगळं. साहेब म्हणाले, किती सोपं करून सांगता हो तुम्ही. टाळ्या पडल्या. बढती मिळाली. त्या वर्षीची ती शाल.

आणि जुने डबे? दोष हाताळणीतला ठरला, म्हणून फक्त रत्नक्कांच्या सहीचे डबे परत मागवले. बाकीच्या सह्यांचे, त्याच दोन कनेक्टरांचे, संपेपर्यंत वापरले गेले. त्यातला एखादा कुणाच्या छातीत गोळा झाला का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्या लोकांना चेहरे नाहीत, म्हणून मला झोप लागते — हेही सांगून टाकते, उगाच चांगुलपणा नको.

याला आता आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एकाची आनेकलला वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर बाहेर आले, तर शेजारच्या अंगणात रत्नक्का. केस पिकलेले, कडेवर नात. त्यांनीच मला ओळखलं. धावत आल्या, माझा हात धरला, आत चला म्हणाल्या, कॉफी घ्या म्हणाल्या. मी ओट्यावरच बसले. मला वाटलं, आता बोलतील. सात वर्षं वाट बघून आता तरी शिव्या देतील.

त्यांनी विचारलं, "मेडम, ते पेशंट — ते आहेत ना?"

"आहेत. चांगले आहेत," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. मग आपण होऊनच सांगू लागल्या. तेव्हापासून बारीक काम सोडलं. आता गिरणीत पिठाच्या गोण्या भरतात, तिथे काही मोडायची भीती नाही. घरी सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत. "हिची नखंही मी कापत नाही, मेडम. सून कापते. माझ्या हाताचा भरवसा नाही ना." नातीने तिची इवली बोटं माझ्यापुढे धरली. रत्नक्का हसल्या. वर मला म्हणाल्या, तुम्ही तेव्हा शेजारी बसून प्रेमाने समजावलंत, नाहीतर त्या लोकांनी माझा अपमानच केला असता.

तोंड उघडायला किती वेळ लागतो? एक वाक्य होतं. अक्का, दोष तुमच्या हातात नव्हता, माझ्या डिझाइनमध्ये होता. माझं कन्नड चांगलं आहे. दोषी ठरवताना एक शब्दही अडला नव्हता.

मी कॉफी संपवली, "सरी अक्का, येते," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

बोम्मसंद्र्याहून आनेकल जवळ आहे. घर मला माहीत आहे. मी पुन्हा गेलेले नाही. ती मुलगी आता शाळेत जात असेल, आणि तिची नखं अजून तिची आईच कापत असेल.