बिनमिठाच्या माणसाचं पुस्तक

मला चार माणसांचा स्वयंपाक येत नसे. लग्न होऊन आले तेव्हा येत असेल. पण पुढं वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेल्या, घरदार गावाकडं ठेवून राहणाऱ्या पोरांचे डबे मी सुरू केले आणि हात कायमचा मोठ्या पातेल्यात गेला. चाळीस डब्यांची आमटी सांगा, डोळे मिटून करीन. चौघांची करायला घेतली की तिखट कुठं थांबवायचं तेच कळायचं नाही. पाहुणे आले तर दोन दिवस तीच भाजी पुरायची आणि पाहुणेही बिचारे काही बोलायचे नाहीत.

आमचे ‘हे’ वाळूजच्याच एका कारखान्यात होते. तयार झालेले सुटे भाग मापायचे आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. घरीही तीच सवय. भाकरीची कड जरा फाटली की ‘रिजेक्ट’ म्हणायचे आणि तीच पहिल्यांदा उचलायचे. तोंडानं कौतुक करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही. तिसरी भाकरी मागितली की मी काय ते समजून घ्यायचे.

ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या किडन्यांनी हात टेकले. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. त्याबरोबर पथ्य आलं. मीठ नावाला. शेंगदाण्याचं कूट नाही, टोमॅटो नाही, पालेभाजी नाही, लोणचं-पापडाचं तर नावच काढायचं नाही. पाणीसुद्धा मापून. आणि बटाटा खायचाच असेल तर तो सोलून, चिरून पाण्यात भिजत ठेवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकडायचा, तेही पाणी फेकायचं. एवढं सगळं झाल्यावर बटाट्यात काय उरतं ते देवच जाणे. मराठवाड्यातल्या बाईला कूट आणि मीठ काढून स्वयंपाक करायला सांगणं म्हणजे तिचे दोन्ही हात मागणं.

डबे मी काही दिवस चालू ठेवले. पण सकाळी घरात फोडणीचा वास सुटला की हे गुपचूप उठून गच्चीवर जायचे आणि डबेवाला येऊन गेल्यावर खाली यायचे. ऊन असो की थंडी. एकदा मी वर जाऊन बघितलं तर नुसते टाकीला टेकून बसले होते. त्याच आठवड्यात मी डबे बंद केले. ते म्हणाले, “कशाला बंद करती? चांगले चालले होते.” मी म्हटलं, “कंटाळा आला.” दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं.

पुस्तकाचं खूळ डायलिसिसच्या खुर्चीवर निघालं. त्या खुर्चीवर तासन् तास पडून राहायचं. डाव्या हाताला सुया, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. एक दिवस म्हणाले, “तुझं ते भरलं वांगं सांग बरं.”

“काय सांगू?”

“कसं करती ते. इथं टाईम जाईना.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतात. मग सांगायला लागले. त्यांनी जुन्या रिपोर्टचा कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं. चाळीस डब्यांना वांगी किती, कूट किती, येसराचा मसाला किती, सगळं विचारलं आणि भागाकार करून चार माणसांवर आणलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आता कर बरं चौघांचं.” इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाला कोणी आकडा लावला नव्हता. मला रागही आला आणि बरंही वाटलं.

शेजारच्या खुर्चीवर खुलताबादच्या एक म्हाताऱ्या बाई असायच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. मुलगा त्यांना मोटरसायकलवर घेऊन यायचा, येताना पदरानं तोंड झाकून घाट उतरायच्या. पहिले दोन-तीन दिवस डोळे मिटून ऐकत होत्या. एक दिवस मी आंबट वरण सांगत होते तेव्हा डोळे न उघडताच बोलल्या, “बघार आधी नक्को. डाळ घोटायची, मंग इमलीचं पाणी, ते उकळू द्यायचं. बघार सगळ्याच्या शेवटी. आधी दिली की वास उडून जातो.”

यांनी लगेच लिहून घेतलं. मी म्हटलं, “आमच्यात फोडणी आधी देतात.”

“तुमच्यात चुकतं,” आपा म्हणाल्या.

हे हसले. खूप दिवसांनी हसले. त्यानंतर आमच्या रांगेत दुसरा विषयच राहिला नाही. ज्यांना डाळीची वाटीसुद्धा मोजून मिळायची अशी माणसं कढीत बेसन किती यावर हमरीतुमरीवर यायची. नर्सताई ओरडायची, “सगळ्यांचं बीपी वाढवता काय?” कोणी ऐकायचं नाही. भुकेल्या माणसांच्या तोंडून एवढ्या बारकाईनं ऐकलेला स्वयंपाक मी दुसरीकडं कुठं ऐकलेला नाही.

लिहिलेलं सगळं घरी करून बघावं लागायचं. करायची मी, चाखायचीही मी. हे ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायचे.

“मीठ?”

“बरोबर.”

“बरोबर म्हंजे किती? चमचा सांग. चवीनुसार लिहायचं नाय. ज्याला येत नाय त्याला कशाची चव?”

एक दिवस मी घास परत ताटलीत ठेवला. मी म्हटलं, “तुमच्यासमोर मला हे जमत नाही.” तर म्हणाले, “खा गं. तू खाल्लं की मला कळतं कसं झालंय. चांगलं झालं की तुझ्या भिवया वर जातात.” मी तोंड फिरवून खाल्लं. त्या दिवशीची अंबाडी कशी झाली होती ते मला आजही सांगता येणार नाही.

मला पुस्तकाची हौस नव्हती. एक आशा होती. किडनीसाठी त्यांचं नाव लावलेलं होतं. नंबर लागेल, ऑपरेशन होईल, मग डॉक्टर म्हणतील की आता थोडं थोडं खायला हरकत नाही. त्या दिवशी मी यांच्यासमोर पुस्तकातलं एक ताट वाढणार होते. प्रत्येक कृती लिहून झाली की मी ती मनातल्या मनात त्या ताटात ठेवून बघायचे. भरीत की भरलं वांगं, हेसुद्धा ठरवून झालं होतं. बाकी कोणी ते पुस्तक वाचो न वाचो, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कृती बऱ्याच झाल्या तशी आम्ही एका प्रकाशकांना दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या पानं चाळली आणि विचारलं, “यात नवीन काय आहे?” मी म्हटलं, “वांगं नवीन नाही. तुमच्या घरी रोज काय नवीन करतात?” हे मला कोपरानं गप्प करत होते. रिक्षात बसल्यावर म्हणाले, “लई बोलती तू. चल, आपणच छापू.”

गुलमंडीच्या मागं एका बोळात छापखाना होता. मालक भला माणूस, पण त्याला रंगीत फोटो हवे होते. फोटोशिवाय स्वयंपाकाचं पुस्तक कोणी हातात धरत नाही म्हणाला. हे म्हणाले, फोटो बघून पोट भरायची सवय आम्हाला झालीय, लोकांना कशाला लावायची. फोटो गाळले. मुखपृष्ठावर नुसता एक डबा काढला. तपासायचे कागद आम्ही डायलिसिसला घेऊन जायचो. हे लाल पेननं एकेक पान बघायचे आणि कोपऱ्यात ‘पास’ लिहायचे. आपांची डाळ त्यांच्या म्हणण्याप्रमाणंच छापली, बघार शेवटी.

पुस्तक जवळजवळ होत आलं होतं तेव्हा यांचं हृदय थकलं. मशीनवर असताना बीपी एकदम खाली जायचं, अर्ध्यातच सुया काढाव्या लागायच्या. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी हळूहळू सोडून दिला. एका दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं. समजूतदार माणूस होता, आवाज खाली ठेवून बोलला. “आता पथ्याचं फार मनावर घेऊ नका. त्यांना आवडेल ते खाऊ द्या.”

या वाक्याचा अर्थ आपल्याकडं कोणाला सांगावा लागत नाही. सासऱ्यांच्या वेळी मी ते ऐकलं होतं, माझ्या आईच्या वेळी ऐकलं होतं. मी जिन्यात बसून रडले. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घ्यायला गेले तेव्हा मी वांगी एकेक निवडून घेतली. बारकी, काटेरी देठाची. भाजीवाली म्हणाली, “आज पावणे हायेत वाटतं.” मी व्हय म्हटलं. किती वर्षांनी माझ्या हाताला घाई झाली होती.

भरलं वांगं केलं. येसराची आमटी केली. ज्वारीची भाकरी, कांदा, लोणच्याची फोड, तुपाची धार सोडलेला भात. पुस्तकातल्या मापानं, चौघांचं. ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि समोर बसले.

ते ताटाकडं बघत राहिले. वास त्यांच्यापर्यंत पोचला असणारच. मग विचारलं, “डॉक्टर काय म्हणले?”

“काही नाही. थोडं चालेल म्हणाले.”

“थोडं?”

त्या ताटात थोडं असं काहीच नव्हतं. मी मान खाली घातली.

“उचल हे,” ते म्हणाले. “माझं आण.”

“अहो, एक घास तरी घ्या. मी किती...”

“उचल म्हणलं ना.”

आवाज चढवला नव्हता. मी ताट उचललं. आत जाऊन बटाटा सोलला, चिरला, भिजवला, पाणी फेकलं, उकडला, पाणी फेकलं. मऊ भात टाकला. तेवढा सगळा वेळ ते तिथंच, तसेच बसून होते. मी आणून दिलं तसं सगळं खाल्लं. एरवी त्या जेवणातलं अर्धं ठेवून उठायचे, त्या दिवशी ताटली बोटानं पुसून घेतली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मलाही राग आला होता. इतके दिवस ज्या ताटाची मी वाट बघितली ते परत आलं होतं. मला वाटलं, डॉक्टरांचं बोलणं मी असं ताटात वाढून समोर ठेवलं, म्हणून ते माझ्यावर चिडले. ते जेवण मला खाववेना, टाकवेना. शेवटी शेजारी नेऊन दिलं.

पुढं ते फार दिवस राहिले नाहीत. त्या दिवसांत मी परत कधी विचारलं नाही आणि त्यांनीही मागितलं नाही. गेले त्या सकाळीसुद्धा पाण्याचा पेला हातात घेऊन विचारलं, “मापलंय ना?” मी म्हटलं, मापलंय. मग प्यायले.

दिवसपाणी उरकल्यावर छापखान्याच्या मालकाचा फोन आला. आधी चांगले चार शब्द बोलला. मग म्हणाला, “वहिनी, पुस्तकाची घडी सोळा सोळा पानांची असते. शेवटी दोन पानं कोरी राहतायत. मसालेवाल्याची जाहिरात मिळेल, टाकू का?” मी नको म्हटलं. एक दिवस मागितला.

त्या दोन पानांवर मी बटाटा लिहिला. दोनदा पाणी फेकायचा. मऊ भात लिहिला, उकडलेला दुधी लिहिला. सबंध पुस्तकात चार माणसांचं माप आहे, तिथं एका माणसाचं लिहिलं. तपासून पास करायला कोणी नव्हतं, तसंच छापायला दिलं.

पुस्तक हातात आल्यावर पहिली प्रत घेऊन मी डायलिसिसला गेले. यांच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी होती, कानात गाणी लावून पडली होती. आपा त्यांच्या जागी होत्या, आणखी सुकलेल्या. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मुलगा उभ्यानं वाचून दाखवायला लागला. आधी त्यांची डाळ काढायला लावली. ऐकून मान डोलावली. मग म्हणाल्या, “आखिरी पान वाच.”

मुलानं बटाटा वाचला. पाणी फेकणं दोनदा आलं तेव्हा आपा हसल्या. “एवढ्या किताबात आमच्या कामाचं एवढंच हाय.” मग माझ्याकडं वळून विचारलं, “भाऊ हेच खात होते? शेवटपर्यंत?”

मी म्हटलं, “हेच. मी पुस्तकातलं ताट वाढलं होतं एकदा. परत केलं. माझ्यावर रागावले.”

आपांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

“रागावले कुठं, बाई,” त्या म्हणाल्या. “पथ्य कोण पाळतं? ज्याला जगायचं असतं तो.”

मी पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवून निघाले. रिक्षा केली नाही, चालतच घरी आले. रागावले असते तर बरं झालं असतं, एवढंच वाटत होतं.