अणदूर ते मुरुम, मार्गे म्हैस

पुण्याहून निघतानाच मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी, स्वेटरखाली टाकला. प्रवासात फोन बंद हा माझा नियम आहे. आपल्या सोसायटीच्या वाचनालयातली 'मोबाइलवर बोलायचे असल्यास बाहेर जावे' ही पाटीही माझ्याच अक्षरातली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काही जणांना मी ती पाटी दाखवून बाहेर काढलेलंही आहे. त्यांनी हे प्रवासवर्णन जरूर शेवटपर्यंत वाचावं, कारण ते त्यांच्याच बाजूचं आहे.

मुरुमला माझी शाळेतली मैत्रीण सुनंदा राहते. "हुरडा संपत आला, आता नाही आलीस तर येऊच नकोस," असं तिनं बजावलं, म्हणून सकाळी उमरग्याकडे जाणारी बस पकडली. मागच्या सीटवर एक गृहस्थ एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. त्यात एक बाई खो खो हसायची. सोलापूर येईपर्यंत ती बाई माझ्या नात्यातली झाली होती. शेजारच्या बाई स्पीकर लावून बहिणीशी बोलत होत्या. बहिणीच्या सुनेनं शेपूच्या भाजीत लसूणच घातला नव्हता, आणि या गुन्ह्याचा तपास अर्धा तास चालला. शेवटी मी म्हटलं, "जरा हळू बोलता का?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोनला सांगितलं, "थांब गं जरा. हितं एका बाईचं डोकं दुखतंय."

त्यावर फोनमधून बहिणीनं थेट मलाच विचारलं, "बाम लावला का वो?"

अणदूरला मी मुद्दाम उतरले. खंडोबाचं दर्शन घ्यायचं होतं, आणि कानांना विश्रांतीही द्यायची होती. देवळात गर्दी नव्हती. माझ्या पुढचा माणूस फोन देवाकडे धरून आपल्या पुण्यातल्या भावाला दर्शन घडवत होता. पुजाऱ्यांनी माझ्या कपाळाला भंडारा (हळद) लावला, त्याच्या लावला आणि भंडाऱ्यानं माखलेलं बोट फोनच्या काचेवर टेकवून म्हणाले, "त्यास्नीबी असू द्या." पडद्यावरच्या भावानं हात जोडले. मला हसू आलं आणि मग हसल्याबद्दल थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

देवळाबाहेर गरम भजी खाल्ली आणि मुरुमला जाणाऱ्या जीपची चौकशी केली. या भागात जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. मला ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. मागे माणसं चढत राहिली आणि ड्रायव्हर आणि मी सोडून अकरा डोकी झाल्यावर जीप हलली. ड्रायव्हरचं नाव मल्लीनाथ. पस्तिशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात टॉवेल. समोर पितळेचा छोटा नंदी आणि नंदीला खेटून फोन. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये त्यानं चार फोन घेतले. "व्हय, निघालो." "येणेगूरला दोन सीट? ठिवतो." "त्या पोत्याचं बगू की मग."

"गाडी चालवताना फोनवर बोलू नये," मी म्हटलं.

"मॅडम, ह्यो फोन न्हाय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ह्यो धंदा हाय."

मागून कुणीतरी हसलं. मी पदर आवळून बसले आणि वाचनालयातून ज्या नजरेनं माणसं बाहेर जातात ती नजर त्याला दिली. तो रस्त्याकडे बघत असल्यामुळे ती वाया गेली. निदान तेवढ्यापुरतं तरी तो रस्त्याकडे बघत होता.

दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती, तुरी काढून पडल्या होत्या. जळकोट मागे पडल्यावर पुन्हा फोन वाजला. या वेळी व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर एक बाई घामाघूम चेहऱ्यानं ओरडत होती, "री!" (म्हणजे 'अहो'. इथल्या कानडी बोलणाऱ्या घरांत नवऱ्याला अशी हाक मारतात.) "री, म्हैस अडली! दोन तास झाले, काय व्हयना!"

मल्लीनाथ स्टिअरिंगवर वाकून पडद्यात बघू लागला. "डाक्टर?"

"दुसऱ्या गावाला अडलेल्या गाईकडं गेल्यात. येतो म्हणल्यात, पर येळ लागंल."

"दाव, दाव मला."

तिनं दाखवलं. तो बघू लागला. आणि मी समोर बघितलं, तर उसानं गच्च भरलेली ट्रॉली आमच्या पुढ्यात. ऊस दोन हात बाहेर लोंबत होते आणि तेवढ्या अंतरावर माझं नाक होतं. मी ओरडले. काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मल्लीनाथनं गाडी कशीबशी उजवीकडे काढली, उसाची पानं काचेवर सपकन घासून गेली आणि मागची अकरा माणसं एकमेकांवर आदळली. मी घाबरले होते. तशीच पुढे झुकून मी नंदीशेजारचा फोन उपटून घेतला.

"आता तुम्ही फक्त रस्ता बघायचा," मी म्हटलं. "म्हशीकडे मी बघते."

बोलून गेले आणि मग पडद्याकडे बघितलं. फोन उलट्या बादलीवर विटेला टेकवलेला असावा. समोर म्हशीची मागची बाजू होती.

"काय दिसतंय?" मल्लीनाथनं मान न वळवता विचारलं.

"मागची बाजू."

"ते म्हाईत हाय वो. भाईर काय आलंय?"

"एक पाय. पांढरट खूर आहे. ओला."

"एकच?"

"एकच."

त्याचा चेहरा उतरला. ती त्याच्या गोठ्यातली पहिली म्हैस, आणि पहिलंच वेत (बाळंतपण). बायको महादेवी घरी एकटी. गेला महिनाभर ती दोघं आळीपाळीनं रात्री उठून म्हशीला बघत होती, हे त्यानं मला पुढच्या अर्ध्या मिनिटात सांगितलं. तेवढ्यात मागून एक जाड आवाज आला, "खुराचा तळवा कुनीकडं हाय? भुईकडं का आभाळाकडं?"

या गौराबाई. सत्तरीच्या, मांडीवर भाजीची टोपली. मी म्हटलं, "तुम्हीच बघा ना," आणि फोन मागे करायला गेले.

"डोळ्याचं आपरेशन झालंय. त्या काचंत मला काय दिसत न्हाय. तुमीच बगून सांगा."

छप्पन्न वर्षांत मी कुठल्याही प्राण्याच्या खुराचा तळवा बघितला नव्हता. "भुईकडे," मी सांगितलं.

"मंग फुडचा पाय हाय. दुसरा आत दुमडलाय. जीब दिसती का?"

मी चष्मा वर ढकलून निरखलं. पायाच्या वर काहीतरी काळं आणि त्यातून निळसर टोक बाहेर. "दिसते."

"हालती का?"

ती हलत होती. जरा आत जाई, जरा बाहेर येई. "हलतेय!" मी ओरडले. मागच्या माणसांना मी ओरडून उत्तर देते आहे, तेही स्पीकर लावून, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि जीभ थांबली. मी श्वास धरून बघत राहिले. मग दिसलं की महादेवीचा हातही हवेत तसाच थांबला आहे आणि म्हशीची शेपटी अर्ध्यात. रेंज गेली होती. म्हैस ठीक होती की नव्हती, हे आता जीपमध्ये कुणालाच कळणार नव्हतं.

"हॅलो? हॅलो?" मी म्हटलं. सगळी जीप "हॅलो, हॅलो" करू लागली.

मल्लीनाथनं वेग वाढवला. "घर अजून पाऊण तासावर हाय. जातो तसाच."

"तुमी जाईपत्तूर रेडकू गुदमरंल," गौराबाई म्हणाल्या. "म्होरं माळावर रेंज येती. थितं हुबी कर."

तो माझ्याकडे बघू लागला. गाडी थांबवायची तर आपलं घर तेवढंच लांब राहणार. पळवायची तर वाटेत रेंज नाही, म्हणजे तिकडे महादेवी एकटी आणि इकडे फोन मुका. "थांबवा," मी म्हटलं. माळावर बाभळीखाली त्यानं जीप उभी केली आणि मागे वळून म्हणाला, "पावनं, पाच मिनटं."

"पाच कशाला, पंधरा घ्या," टोपीवाले एक जण म्हणाले. लगेच अकरा फोन निघाले. घरोघर कळवलं जाऊ लागलं. "थांबलोय. म्हैस अडलीया. आपली न्हाय, ड्रायवरची!"

पडदा जिवंत झाला. जीभ हलत होती, पण हळू. गौराबाई खाली उतरून माझ्या खिडकीशी आल्या आणि दोन गावांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या, "महादेवी, हात साबनानं धू. गोडंतेल लाव कोपरापत्तूर. कळ थांबली की रेडकाला मागं लोट."

"मागं?" मल्लीनाथ दचकला.

"मागं! जागा व्हाया नको व्हय? मंग दुमडलेला पाय चाचपून धर. खूर मुठीत झाक, न्हायतर आत फाटंल. आन सरळ कर."

मी एकेक बातमी देत होते. हात गेला. कळ आली. थांबली ती. महादेवी ओठ चावतेय. मल्लीनाथ रस्त्याच्या कडेला बाभळीचं खोड धरून उभा होता, त्याला बघवत नव्हतं. एकदा तिचा रडवेला आवाज आला, "घावना वो!" आणि माझ्याच तोंडून निघालं, "घावंल, घावंल, रडू नकोस बाई." हे शब्द माझ्या तोंडी कुठून आले देव जाणे.

मग दुसरा खूर बाहेर आला. "दोन!" मी किंचाळले. "दोन पाय!"

"आता कळंसंगट खालच्या अंगाला वड," गौराबाई म्हणाल्या.

पुढचं फार भराभर झालं. एक काळा, चकचकीत गोळा भुईवर आला आणि मान झटकून शिंकला. जीपमध्ये शिट्ट्या वाजल्या. टोपीवाल्यांनी टोपी काढली. महादेवीचा आवाज आला, "री, टोणगा (नर) हाय."

शिट्ट्या थांबल्या. म्हशीच्या घरात टोणग्याचं कौतुक नसतं, हे मलाही तिथल्या शांततेवरून समजलं. मल्लीनाथनं विचारलं, "म्हैस उठली का?"

"उठली. चाटतीया त्याला."

"मंग झालं," तो म्हणाला आणि बाभळीच्या पलीकडे जाऊन टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिला.

परत आल्यावर फोन मागेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आक्का, मुरुमपत्तूर तुमच्याकडंच असू द्या." मी 'मॅडम'ची आक्का कधी झाले ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. पुढचे त्याचे सगळे फोन मी घेतले. "ड्रायव्हर गाडी चालवत आहेत. आपलं काय काम आहे?" असं मी म्हटल्यावर पलीकडचा एक जण घाबरून म्हणाला, "राँग नंबर लागला वाटतं," आणि त्यानं ठेवून दिला.

वाटेतल्या त्याच्या वाडीवर सगळी जीप उतरून गोठ्यात गेली. महादेवीनं माझ्याकडे दोनदा बघितलं. "अंगठ्याच्या बाई व्हय तुमी?" तिनं विचारलं. तेव्हा कळलं, की माझा अंगठा पूर्ण वेळ कॅमेऱ्यावर होता. तिनं सबंध बाळंतपण माझ्या अंगठ्याकडे बघत केलं होतं.

मुरुमच्या स्टँडवर उतरले तेव्हा मी मोठ्या ऐटीत होते. सुनंदा दिसली आणि मी हात हलवला. ती धावत आली, मला घट्ट धरलं आणि मग खांदा धरून गदागदा हलवू लागली. उमरग्याहून येणाऱ्या बसनं मी येणार म्हणून ती दुपारपासून उभी होती. बस आली, मी नव्हते. फोन बंद. तिनं माझ्या मुलीला पुण्यात फोन केला. तिलाही काही माहीत नाही. मुलगी रडत होती, निघायच्या तयारीत होती.

"एक फोन करता आला नाही तुला?" सुनंदा म्हणाली.

तासभर माझ्या हातात फोन होता. माझ्या मांडीवरच्या पिशवीत दुसरा होता. मागच्या अकरा माणसांच्या घरी कळलं होतं की उशीर होतोय, फक्त माझ्या घरी नव्हतं. मला फार लाज वाटली. स्वेटरखालून फोन काढला, सुरू केला आणि भर स्टँडवर, स्पीकर लावून, मुलीची मोठ्यानं माफी मागितली. चार लोक थांबून ऐकत होते. त्यांचं बरोबरच होतं.

दोन दिवस हुरडा खाल्ला, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, हुग्गी (गूळ घातलेली गव्हाची खीर) दोन वाट्या जास्त खाल्ली. परतताना मल्लीनाथच्याच जीपनं आले. फोन त्यानं न सांगता माझ्या हातात दिला.

गेल्या बुधवारी संध्याकाळी वाचनालयात बसले असताना माझा फोन वाजला. हल्ली तो सुरू असतो. पडद्यावर मल्लीनाथचं नाव होतं. सहा वाचकांनी माना वर केल्या आणि पाटीकडे बघितलं. मी उचलून पहिला प्रश्न तोच विचारला, जो आता प्रत्येकाला विचारते, "गाडी थांबली आहे का?"

"हुबी हाय, आक्का," तो म्हणाला. कॅमेरा फिरवून त्यानं दाखवलं. तीच बाभळ, मागे बसलेली माणसं, सगळी हात हलवत होती. "तुमास्नी टोणगा दावायचा व्हता. म्हनलं घरी गेल्यावर लावू, तर ही मंडळी म्हनली, आत्ताच लावा. महादेवीबी लाईनवर हाय."

अकरा माणसांसकट गाडी थांबवून ज्यानं फोन लावला, त्याला 'नंतर बोलते' कसं म्हणायचं? नियमाप्रमाणे मी उठून बाहेर गेले. जिन्याशी उभी राहिले, स्पीकर लावला आणि मागे वळले, तर सहाच्या सहा वाचक टोणगा बघायला माझ्यामागे बाहेर आले होते.