कुसुमचं भुयार

सहाही जण एकाच दुपारी मेले. मी भाकरी थापत होते. कुसुम मागच्या दारानं आली. पायात चप्पल नव्हती. आत न येता ती उंबऱ्यातच बसली.

"वैनी," ती म्हणाली, "नामदेवभाऊ गेले."

नामदेव म्हणजे माझा नवरा. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "त्याले जाळून किती वर्षं झाले वो बाई. आज आनखी कुठून गेला?"

"भुयारात गेले. त्याहीच्यासंगं बाकीचे पाचही गेले. माह्या हातानं गेले, वैनी."

तिला धाप लागली होती. मी तिला पाणी दिलं. बाहेरच्या कुणी हे बोलणं ऐकलं असतं तर दोन्ही म्हाताऱ्या वेड्या झाल्या म्हटलं असतं. म्हणून आधी भुयार काय ते सांगते.

अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या गल्लीत कुसुमचं घर माझ्या घराला लागून. तिनं लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला. पुढं टायपिंगला कुणी येईना, तेव्हा तिनं कॉम्प्युटर आणले आणि स्वतः शिकून पोरांना शिकवू लागली. मोठे क्लास निघाले तसा तिचा बंद पडला. यंत्रं गेली, एक राहिलं. जाड, पिवळं पडलेलं, पंख्यासारखं घुरघुरणारं. त्यात एक खेळ होता, कुण्या जुन्या विद्यार्थ्यानं भरून दिलेला. त्याचं नाव इंग्रजी होतं. आमच्यात त्याला भुयारच म्हणायचे.

खेळ म्हणजे काळ्या काचेवर पांढऱ्या रेघा. रेघा म्हणजे भिंती. बटण दाबलं की आपण एक पाऊल पुढं. वर एक गाव, गावात एक देऊळ, आणि गावाखाली मजल्यावर मजले उतरत गेलेलं भुयार. सहा माणसं करायची, त्यांना नावं द्यायची, हत्यारं द्यायची आणि खाली न्यायचं. खाली राक्षस, साप, मेलेले राजे. त्यांना मारत मारत तळाशी जायचं. पण यात कुणी मेला तर मेलाच. यंत्र बंद करून पुन्हा लावलं तरी मेलेलाच. त्याचं मढं उचलून वर देवळात आणावं लागतं. तिथं त्याला उठवता येतं. कधी उठतो, कधी त्याची राख होते.

कुसुमच्या सहा जणांना गल्लीतल्या माणसांची नावं होती. नावं ठेवली तेव्हा सगळे जिवंत होते. संध्याकाळी चहाला यायचे आणि विचारायचे, "काय मॅडम, आज मी काय मारलं?" मग एकेक करून ते खरोखरीचे वारले. भुयारात मात्र चालत राहिले. माझा नवरा सगळ्यात पुढं, हातात कुऱ्हाड. घरात उंदीर निघाला तर खाटेवर चढून बसणारा माणूस हा. मी कुसुमला म्हणायचे, "तुह्या खेळाले माणसाची पारख नाई."

ती म्हणायची, "त्याहीले संधी कुठं भेटली होती, वैनी?"

मी तिच्याकडं खेळ पाहायला जात नव्हते. कुलरसाठी जात होते. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी घरात बसवत नाही. तिच्या खोलीत पडदे लावलेले असायचे, कुलरच्या वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, आणि अंधारात ती पांढरी चौकट. मी भिंतीला पाठ लावून बसायचे. एक भिंत यायची, तिच्यामागून दुसरी. डावीकडं वळण, मग लांबच लांब बोळ. माझा डोळा लागायचा. झोपेतही तोच बोळ असायचा आणि मी त्यातून अनवाणी चालत असायचे. पायाखाली गार दगड लागायचा. जाग आली की कुसुम अजून चालतच असायची, आणि आपण कुठं झोपलो आणि कुठं उठलो ते मला कळायचं नाही. अंबादेवीच्या देवळापासून कौंडिण्यपुरापर्यंत भुयार आहे, रुक्मिणी त्यातूनच पळाली, असं लहानपणी ऐकलं होतं. मी कधी खरं मानलं नाही. पण तिच्या खोलीत बसलं की वाटायचं, असेलही. आपल्या फरशीखालूनच जात असेल.

तिचा भाचा प्रशांत अकोल्याचा. त्यानं एकदा तिला नवा खेळ आणून दाखवला. त्यात गवत हलत होतं, पाणी चमकत होतं, घोड्याचा घाम दिसत होता. कुसुमनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "लय सुंदर हाय रे. पन याच्यात मले काई कामच नाई. सारं त्याहीनंच पाहून ठेवलं." तिच्या खेळात राक्षस म्हणजे हाताएवढं एक चित्र. बाकी सगळं आपण पाहायचं. मला विचाराल तर एवढी वर्षं तो खेळ टिकला त्याचं कारण हेच. भिंतीच्या पलीकडं काय आहे हे त्या यंत्रालाही धड माहीत नव्हतं.

तिची दोन-तीन वाक्यं ठरलेली होती. दार उघडण्याआधी म्हणायची, "आधी परतीचा इचार, मंग उतराचं." राक्षसाचा मार कुणाला लागला की, "घाई त्याले हाय, आपल्याले नाई." आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं हे: "मेला तं मेला, पन तिथं सोडाचा नाई."

भुयारात नकाशा मिळत नाही. आपला आपण काढावा लागतो. ती चौकटीच्या कागदावर काढायची. डोळे अधू झाले, बारीक चौकटी दिसेनात, तेव्हा ती रांगोळी घेऊन अंगणात बसू लागली. ओळींनी ठिपके, ठिपक्यांतून रेघा. जिथं भिंत तिथं रेघ, जिथं वाट तिथं मोकळं. सकाळी सडा टाकून एक मजला काढायचा आणि दुपारी खिडकीतून त्याच्याकडं पाहत खाली उतरायचं. येणारे-जाणारे पाहायचे. एक नवी सून थांबून म्हणाली, "मावशी, कोनती रांगोळी हाय हे? कुठून सुरू अन् कुठी संपली, समजूनच नाई राहिलं." कुसुम म्हणाली, "संपली कुठं अजून?"

आता ती चूक. पुढच्या अंगणात नळाच्या पाइपासाठी खोदून ठेवलं होतं. म्हणून त्या दिवशी तिनं मजला मागच्या अंगणात काढला. आमच्या बायका रांगोळी काढतात ती दाराकडं पाठ आणि बाहेर तोंड करून. पुढच्या दारी असं बसलं की तोंड पूर्वेला आणि उजवा हात दक्षिणेला. मागच्या दारी तसंच बसलं की तोंड पश्चिमेला, उजवा हात उत्तरेला. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं काढताना उजवा हात तो दक्षिणच धरला, आणि दुपारी पाहताना मात्र खऱ्या दिशा धरल्या. सगळा मजला उलटा फिरला. वर येणारा जिना समजून तिनं ज्या दारातून सहा जणांना नेलं, ते दार खालच्या मोठ्या राक्षसाचं होतं. जिना पार दुसऱ्या टोकाला होता.

तर अशी ती माझ्या उंबऱ्यात बसली होती.

तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. प्रशांतनं अकोल्याच्या डॉक्टरकडं ऑपरेशनचा दिवस ठरवून ठेवला होता, आणि तो जवळ आला होता. कुसुमनं त्याला फोन केला आणि सांगितलं, आता येत नाही. तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आला.

"आत्या, तू खेळापायी ऑपरेशन पुढं ढकलून राहिली?"

"खेळापायी नाई. सहा मढे पडले हायेत खाली."

"अवं ते लाईटवर चालते! बटन बंद केलं का संपलं!"

"माहंही तसंच हाय, बापा," ती म्हणाली.

तो माझ्याकडं वळला. "मावशी, तुमी तरी सांगा हिले."

मी सांगितलं. "कुसुम, जा मुकाट्यानं. राहू दे तो तिथंच. जितेपनी तरी कोनतं लवकर घरी येत होता?"

ती हसली, पण गेली नाही. "टेबलावर गेली अन् आली नाई, तं त्याहीले कोन आनन? तुमाले तं बटनं येत नाई."

तेही खरं होतं. त्या दिवसापासून मी बटणं शिकले. पुढं, डावं, उजवं, दार, पळ. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी आकारावरून ओळखते. आमच्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोडक्या शिडीसारखं.

मढी आणायची तर नवी माणसं लागतात. एका वेळी सहाच जण चालू शकतात आणि त्यात मेलेलेही मोजतात. म्हणून तिघांनी उतरायचं आणि तिघांना उचलायचं, अशा दोन खेपा. कुसुमनं तिघं केली. एक ती स्वतः, एक मी, आणि एक तिला दवाखान्यात नेणारा सलीम रिक्षावाला. सलीमला सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मेरेकू मारना मत हां. घर में बच्चे छोटे है." तिनं त्याला शब्द दिला आणि पाळला.

पण नवी माणसं कच्ची असतात. त्यांना वरच्या मजल्यावर उंदरा-घुशींशी लढवून तयार करावं लागतं. तयारीत उन्हाळा संपला. पावसाळा लागला. तिच्या पायावर सूज आली. तिला आडवं होता येईना, ती खुर्चीतच बसून झोपायची. हात थकले की मला म्हणायची, "वैनी, तुमी चाला." मी चालायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मी तिला सांगायचे, समोर भिंत, डावीकडं दार, पुढं अंधार. तिला तो सगळा मजला पाठ होता. ती नुसती हात हलवायची, इकडं, तिकडं. बाहेर पाऊस, आत यंत्राची घुरघुर. त्या दिवसांत मी खोलीत होते की खाली होते ते आजही नीट सांगता येत नाही. दगडाचा गारवा मात्र तळपायाला आठवतो.

पहिल्या खेपेला तिघं वर आले. त्यात नामदेव होता. देवळात नेलं. नावावर जाऊन बटण दाबायचं, मग एक तर माणूस उठतो, नाहीतर राख. कुसुमचं बोट बटणावर थांबलं.

"दाबू का, वैनी?"

"दाब."

"राख झाली तं?"

"एकदा पाह्यली मी त्याची राख. दाब."

तो उठला. त्याच्यामागं बाकीचे दोघंही उठले. कुसुमनं पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या खेपेला उरलेले तिघं आणले, पण शेवटच्या बोळात काहीतरी अंगावर आलं आणि कुसुम पडली. खेळातली. ती सहांतलीच होती, म्हणून तिलाही उचलता आलं. सलीमनं आणि मी चार मढी वर आणली. देवळात ते तिघंही उठले. राहिली कुसुमच.

"आता सोताले उठव," मी म्हटलं.

"राहू द्या. मी थकली. अकोल्याहून आली का उठवतो."

तिनं प्रशांतला फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मीही गाडीत बसले. मूर्तिजापूरला बंद पडलेल्या छोट्या आगगाडीचे रूळ गवतात गेलेले दिसले. कुसुमनं काच खाली करायला लावली. लहानपणी ती त्या गाडीनं मामाकडं जायची. "इतकी हळू चाले का नाई वैनी, का उतरून बोरं तोडाचे अन् पुन्हा चढाचं. कुठं पोचाची घाईच नव्हती." प्रशांत पुढं बसून घड्याळ पाहत होता.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. प्रशांतनं डॉक्टरला विचारलं, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. प्रशांत अजूनही मला फोन करतो, पण त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्याचंही चुकत नाही. मला कुणी विचारलं तर मी म्हणते, तिनं जायला हवं होतं. आणि हेही म्हणते की ती गेली नसतीच. ती कुणाला खाली टाकून स्वतः वर येणारी बाई नव्हती. असं माणूस जवळ असावं, पण त्याचं दुखणं आपल्याला काढावं लागू नये.

घर रिकामं करताना प्रशांतनं विचारलं, "मावशी, हे डबडं भंगारात देऊ?" मी म्हटलं, माझ्याकडं ठेव. सलीमनं ते उचलून आणलं आणि तारा जोडून दिल्या.

दुपारी लावते कधीकधी. कुसुम देवळातच आहे. तिच्या नावावर मी अजून बटण दाबलेलं नाही. मेलेल्या माणसाला उठवायचं तर त्याला विचारून उठवावं, आणि ती "मी उठवतो" म्हणाली होती, "तुमी उठवा" म्हणाली नव्हती.

कुसुम वाचली नाही. ते सहाही वाचले. मी वाचले.