निळी अवतरणं, लाल मतं
धुळ्याच्या कॉम्प्युटरवाल्याने मला फसवलं. परवा लाल शाईची बाटली उघडली आणि त्या वासाने डोकं पुन्हा तापलं. नव्वदच्या दशकात मी धरणगावात कापसाची दलाली करता करता खान्देशच्या कापूसबाजारावर प्रबंध लिहीत होतो. पुस्तकातलं अवतरण कार्डावर निळ्या शाईने उतरवायचं आणि खाली माझं मत लाल शाईने लिहायचं, ही माझी रीत. संदर्भ सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर आलंय, लेखकाचं नाव टाकलं की त्याचा सगळा मजकूर समोर येतो, असं तो कॉम्प्युटरवाला म्हणाला. सगळी कार्डं त्यात टाइप करून द्यायच्या मजुरीवर मी बरीच घासाघीस केली. शेवटी कार्डांची रद्दी त्याने ठेवायची आणि तेवढी मजुरी सोडायची, असा सौदा जमला. "बठ्ठं आत शे, भाऊ," सगळं आत आहे म्हणत त्याने एक दिवस फ्लॉपी हातात ठेवली. ती घेऊन जळगावला माझ्या मार्गदर्शकांकडे गेलो. सरांनी पडद्यावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "हे तुमचं की पुस्तकातलं?" काळ्या पडद्यावर सगळी अक्षरं पांढरी. वाचू लागलो तर आधी प्रत्येक वाक्य माझंच वाटलं, आणि थोड्या वेळाने एकही माझं वाटेना. तडक धुळे गाठलं, तर कार्डं केव्हाच रद्दीत गेलेली. "रंगाचं तुम्ही कुठं बोलले होते, भाऊ?" त्याने उलट मलाच विचारलं. डोळे नव्हते का त्याला? प्रबंध अजून अर्धाच आहे. त्यातली माझी वाक्यं कोणती, हे त्यानेच येऊन मला सांगावं.