मिसेस हार्परच्या घराखालची ओल

मी पोटावर पालथी पडून टॉर्चच्या उजेडात लाकूड बघत होते आणि माझ्या बरोब्बर डोक्यावर कोणीतरी पियानोचे सूर तपासत होतं. तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो अर्धा इंच आत गेला. मी ओरडले, "मॅडम, प्लीज तिथून बाजूला व्हा!" पियानो थांबला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा जुलै होता. हर्नडन या अमेरिकन गावातल्या एका छोट्या इंजिनिअरिंग फर्ममध्ये मी नोकरीला होते. नागपूरहून सिव्हिल इंजिनिअर होऊन आलेली, ऑफिसातली एकुलती एक बाई आणि अंगाने सगळ्यांत बारीक. म्हणून क्रॉल स्पेसची कामं माझ्याकडे यायची. इकडे बऱ्याच घरांखाली जमीन आणि लाकडी फ्लोअर यांच्यामध्ये दोन-अडीच फुटांची पोकळी सोडतात. पाइप, एसीचे डक्ट, सगळं तिथूनच जातं. माणूस आत रांगतच जाऊ शकतो, म्हणून क्रॉल स्पेस. आत हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत जाळीची भोकं असतात. ते व्हेंट.

या घराखालच्या तुळयांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. डक्टवरून पाणी ठिबकत होतं. माती ओलीकच्च.

मी चिखलाने माखून बाहेर आले, तर मिसेस हार्पर हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. समोरच्या खोलीत मुलांना पियानो शिकवायच्या. कुबट वासामुळे दोन मुलांच्या आयांनी क्लास बंद केला होता. कॉन्ट्रॅक्टर सांगून गेला होता की सगळा फ्लोअर उखडावा लागेल, चार महिने दुसरीकडे राहा.

"चार महिने क्लास बंद ठेवला तर एकही मूल परत येणार नाही," त्या म्हणाल्या. मग टॉवेल माझ्या हातात देत, "खरं सांगू? वास आधी होताच. पण मे महिन्यात त्याच कॉन्ट्रॅक्टरने व्हेंटला फॅन बसवले, तेव्हापासून फार वाढला."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं.

ऑफिसात माझा बॉस फ्रँक याने दोन मिनिटांत निकाल लावला. "व्हेंट वाढव. अजून दोन फॅन सुचव. कुजलेलं लाकूड बदला म्हणून लिही. रिपोर्ट शुक्रवारी हवा."

"फ्रँक, फॅन लावल्यावर ओल वाढलीय."

"मग फॅन छोटे असतील."

दुसऱ्या दिवशी मी सायक्रोमीटर घेऊन गेले. हे साधं यंत्र आहे. दोन थर्मामीटर, एकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि गोफणीसारखं गरगर फिरवायचं. दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत किती दमटपणा आहे ते कळतं. मी अंगणात फिरवलं, मग आत रांगत जाऊन आडवं पडूनच कसंबसं फिरवलं. बाहेर घामाच्या धारा लागतील अशी दमट हवा. घराखाली मात्र माती आणि डक्टमुळे गारवा. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच इथे चाललं होतं. फॅन बाहेरची दमट हवा ओढून आणत होते आणि गार लाकडावर तिचं पाणी होत होतं. जितके फॅन, तितकं पाणी.

उपाय उलटा होता. व्हेंट बंद करायचे, मातीवर जाड प्लास्टिक अंथरायचं, आत एक डीह्युमिडिफायर ठेवायचा, म्हणजे हवेतलं पाणी शोषणारं मशीन.

फ्रँकने हात वर केले. "व्हेंट हवेतच, असा बांधकामाचा कोड आहे. काउंटी तुला दारात उभं करणार नाही."

मी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, बांधकाम इन्स्पेक्टरला फोन लावला. रे नावाचा जाडजूड, मंद बोलणारा माणूस.

"व्हेंट बंद?" तो म्हणाला. "तेवीस वर्षांत असं कोणी विचारलं नाही."

"अर्धेच बंद करू द्या. पियानोच्या बाजूचे. मध्ये प्लास्टिकचा पडदा लावते. दुसरी बाजू आहे तशी, फॅनसकट. तीन आठवड्यांनी तुम्ही स्वतः येऊन बघा."

पलीकडे त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तात्पुरतं, असं लिहून दे."

बुरशी घासून काढली. मऊ झालेल्या तुळईला लागून नवी तुळई ठोकली. पडदा, प्लास्टिक, मशीन. तीन दिवस मी घरी गेले की मुलगी नाक धरून म्हणायची, "आई, गॅरेजमध्येच चेंज कर, यू स्टिंक!"

ते तीन आठवडे डोक्यात एकच विचार होता. मी चुकले असते, तर त्या बाईंचं घर माझ्यामुळे कुजलं असतं. आणि फ्रँकने मला परत ड्रॉइंग बोर्डवर नकाशे काढायला बसवलं असतं, कायमचं.

ठरलेल्या दिवशी रे आला. फ्रँकही आला, टाय लावूनच. दोघं माझ्यामागून रांगत आत शिरले. आधी फॅनच्या बाजूला गेलो. रेने तुळईवर हात फिरवला. तळवा ओला. मग पडदा बाजूला सारून पियानोखाली. पुन्हा हात फिरवला. टॉर्चच्या उजेडात त्याने तळवा आमच्यापुढे धरला. कोरडी धूळ.

त्याने आपलं मीटर काढलं, दोन टोकदार पिना लाकडात खुपसल्या, आकडा बघितला. दुसऱ्या तुळईत खुपसल्या. तिसऱ्या. मग पालथ्या पालथ्याच म्हणाला, "लेडी, उरलेली भोकंही बंद कर. कागद मी बघतो."

बाहेर येऊन फ्रँकने गुडघे झटकले आणि मला म्हणाला, "रिपोर्टवर सही तू कर. माझी नको."

तोवर माझ्या प्रत्येक रिपोर्टवर त्याचीच सही असायची; फर्मच्या रिपोर्टवरची ती माझी पहिली सही.

फ्लोअर उखडावा लागला नाही. सप्टेंबरात मिसेस हार्परचा क्लास भरलेला होता, सोडून गेलेल्या दोघांपैकी एक मुलगी परत आली होती. त्यानंतर त्या भागातल्या अकरा घरांखाली मी रांगले, आणि प्रत्येक वेळी परवानगीसाठी रेशी नव्याने भांडले. तो दर वेळी कुरकुरायचा आणि दर वेळी सही करायचा.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगायचे: उपायाने दुखणं वाढत असेल, तर डोस दुप्पट करू नका. आधी मोजा. आणि घरात राहणारं माणूस "तेव्हापासून वाढलं" म्हणालं, तर ती तारीख लिहून घ्या.