टमाटरच्या तीन ओळी

तंबाखू मळलेल्या हातांनी मी टमाटरच्या बगलफुटी खुडल्या आणि माझ्या वहिनीची अर्ध्या एकराची वाडी घालवली. मी, म्हणजे अठ्ठावीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलेला मास्तर.

हसा. माझ्या फजित्या तामसीच्या बसस्टँडावर मीच रंगवून सांगत असतो. हेडमास्तरांच्या डब्याशेजारी ठेवलेला प्रयोगाचा बेडूक, आदिलाबादला जायचं म्हणून उलट्या बसमध्ये चढून काढलेली झोप, सगळं. पण ही गोष्ट मी सात वर्षं कोणापुढे काढली नाही. बायकोपुढेही नाही. आता दमलोय. लपवून ठेवणं हे कष्टाचं काम आहे हो, आणि मी मूळचा आळशी.

आधी झाडाचं सांगतो. कारण त्या भागात मला लाज वाटत नाही.

आमची शाळा मराठी माध्यमाची. नववीच्या वर्गात मी एक खेळ घ्यायचो. पहिल्या बाकावरच्याला चिमटा काढायचा आणि ओरडायचं शेवटच्या बाकावरच्यानं. झाडात असंच चालतं, मी सांगायचो. अळीनं एक पान कुरतडलं की पेशी फुटतात. फुटलेल्या पेशीतून जे सांडतं त्यावरून शेजारणीला कळतं, की इथं काहीतरी झालं. मग कॅल्शियमची एक लाट पानापानांतून धावत जाते आणि थोड्या वेळात दूरचं, अजून धक्काही न लागलेलं पान कडवट व्हायला लागतं. अळीला पचू नये म्हणून. काही झाडांत तर रोग शिरला की त्या जागेभोवतीच्या पेशी आपणहून मरतात. रोगाला पुढे जायला जिवंत पेशीच ठेवायची नाही! इथं मी टेबलावर थाप मारायचो. पोरं टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, काय मास्तर आहे मी.

आणि तंबाखूच्या पानावरचा तो विषाणू? तोही मीच शिकवायचो. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो, बोटांना लागतो, आणि टमाटरच्या ताज्या जखमेतून आत शिरतो. पेशीपेशींमध्ये ज्या बारीक वाटा असतात, त्याच वाटांनी तो पुढे सरकतो. हे सगळं फळ्यावर. खिशात मात्र चुन्याची डबी.

तर, सुरेखा. माझ्या पुतण्याची बायको. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी पहिल्यांदा तिनं वहिनीकडे मागणं मागितलं होतं की एक पीक मला करू द्या, सगळं माझ्या मनानं. वहिनी म्हणजे तिची सासू. भाऊ गेल्यापासून घर आणि शेत तिच्याच मुठीत. पण ती हो म्हणाली. सुरेखानं ट्रेमध्ये रोपं केली, काड्या रोवल्या, सुतळ्या बांधल्या. झाडं कमरेला लागली तसा मी एका सकाळी गेलो आणि म्हणालो, बाजूला हो, बगलफूट कशी खुडायची ते दाखवतो. पानाच्या बगलेतून निघालेला कोवळा फुटवा नखानं मोडायचा, इतकंच ते. तिला ते येत होतं. मी तरी तीन ओळी खुडल्या. मध्ये दोनदा तंबाखू मळली.

बारा-चौदा दिवसांनी त्या तीन ओळींची पानं चितकबरी झाली. कुठं हिरवी, कुठं पिवळी, शेंड्याला आक्रसून दोरीसारखी. झाडं बांधणाऱ्या बायांच्या हातांनी तेच पुढच्या ओळींत गेलं. मी बांधावर उभा राहून पाहिलं आणि मला लगेच कळलं. शंका नव्हती. माझ्या तीन ओळी, आखून दिल्यासारख्या.

इथपर्यंतची झाली चूक. मूर्खपणा म्हणा. एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

वहिनीनं आपलं कारण शोधलं होतं. सुरेखा महिन्याच्या चार दिवसांत वाडीत गेली होती. झाडांना पाणी कोण देणार, म्हणून गेली. आमच्याकडे बाहेर बसलेल्या बाईनं भाजीपाल्याला हात लावायचा नाही. वहिनी अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलत होती, "बाहेरची असून वाडीत गेली ही! मंग टमाटर बिघडन नाही तं काय होईन?"

चार बाया जमल्या होत्या. मी खाटेवर होतो. सुरेखा वहिनीला सोडून माझ्याकडे वळली.

"काकाजी, तुमी शाळेत शिकवता. तुमीच सांगा, बाईच्या हातानं झाड बिघडते का?"

किती सोपा प्रश्न होता! नववीतल्या कोणत्याही पोरानं उत्तर दिलं असतं. "नाही" म्हणायचं, बस. पण "नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? आणि सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं, मास्तर मोठ्या तोऱ्यात ओळी खुडत होता ते.

मी घसा साफ केला. म्हणालो, "विज्ञानाले तरी सगळं कुठं समजते."

हेच ते वाक्य. सात वर्षं मी याच वाक्याभोवती फिरतोय. खोटं म्हणावं तर पकडता येत नाही— किती सफाईनं बनवलं होतं पाहा. नम्र, शहाणं वाटणारं. वहिनीनं मान हलवली. बाया पांगल्या. सुरेखा आत गेली.

झाडं उपटली. पुढच्या हंगामात तिथं कापूस लागला. सुरेखाला वाडीचं फाटक कायमचं बंद झालं. चार दिवसांपुरतं नव्हे, बारा महिने. तिच्या हाताला झाड मानवत नाही, असं ठरलं. तिनं पुन्हा काही मागितलं नाही. आणि माझं वाक्य गावात फिरायला लागलं. पलीकडच्या घरी पोरीला वांग्याच्या शेतातून हाकललं, तेव्हा तिची आजी म्हणाली म्हणे, "मास्तरबी मनला, विज्ञानाले समजत नाही." अठ्ठावीस वर्षांत मी शिकवलेलं एवढंच गावाच्या लक्षात राहिलं.

आणि मी पुढच्या जूनमध्ये वर्गात गेलो, पहिल्या बाकावरच्याला चिमटा काढला, शेवटच्यानं आरोळी ठोकली. टाळ्याही झाल्या.

मागच्या मंगळवारी वहिनी आदिलाबादला बाजारात गेली होती. सुरेखा ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तंबाखू, तीन ओळी, मला केव्हा कळलं होतं ते, आणि तरी मी काय बोललो ते. माफ कर म्हणालो नाही. ते म्हणजे तिला आणखी एक काम लावणं झालं असतं.

तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत होतं, काकाजी. पह्यले तुमच्याच ओळी बिघडल्या. मी काय आंधळी होती?"

आणि मी, इतकं सगळं सांगून झाल्यावर, विचारलं काय? "मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"माझं कोण आयकत होतं? मनून तं तुमाले इचारलं." तिनं जुडी टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली. "तुमी फळ्यापुरतेच मास्तर."