बाजार का पडला ते सांगणारा दादा

शेअर बाजार आपला आपण पडायचा, आपला आपण चढायचा. त्यात माझ्या दादाचा काडीचाही हात नव्हता. पण तो का पडला, हे मात्र संध्याकाळी दादा ठरवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव ते वर्तमानपत्रात वाचायचं. बाजाराच्या पानाचा तो उपसंपादक होता. टेबल जिन्याला लागून, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, त्यामुळे बारा महिने त्याचा डावा कान गरम असायचा.

पान लवकर लावायचं असल्यामुळे दुपारचं जेवण झालं की दादा दोन बातम्या लिहून ठेवायचा, एक बाजार चढल्याची आणि एक पडल्याची. कारण दोन्हींत एकच. ‘तेल महागल्याने गुंतवणूकदार धास्तावले आणि बाजार घसरला.’ ‘तेल महागूनही गुंतवणूकदारांनी धीर सोडला नाही आणि बाजार वधारला.’ बाजार बंद झाला की एक ठेवायची, दुसरी पुसून टाकायची. काहीच सुचलं नाही तर ‘नफावसुली’ होतीच. भाजीत मीठ घालावं तशी ती तो कशातही घालायचा.

मी एकदा विचारलं, “दादा, नफावसुली म्हणजे नक्की काय रे?”

“लोकांनी शेअर विकले.”

“आणि का विकले?”

“नफावसुलीसाठी,” असं म्हणून त्याने शांतपणे चहा संपवला.

लहानपणापासून हा असाच. शाळेतून येताना आधी छत्री हरवायची, मग वाटेत कारण तयार व्हायचं. दारात पोहोचेपर्यंत ते इतकं पक्कं झालेलं असायचं की आई छत्री विसरून त्याच्याच डोक्यावरून हात फिरवायची. मी आपली खरं बोलून मार खायचे. माझा स्वभाव तिखट का, याचं कारण हवं असेल तर हे घ्या.

दर आठवड्याला पेपरात ‘आमचे बाजारतज्ज्ञ’ नावाने एका गृहस्थांचा लेख यायचा. बाजार वर जाईल, मात्र खाली येण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. एका आठवड्यात ते आजारी पडले आणि लेख आलाच नाही. संपादकांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी दादानेच तज्ज्ञांच्या नावाने लेख ठोकून दिला, की बाजार जोरात चढणार. पण त्याच दिवशी त्याचा स्वतःच्या नावाचाही लेख होता आणि दोघांनी एकच बोलणं बरं दिसत नाही, म्हणून त्यात त्याने लिहिलं की बाजार जोरात पडणार. दोन्ही लेख एकाच कागदाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावून छापून आले. रात्री फोनवर मला हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

आणि बाजार खरंच पडला.

आमचं फोटो फ्रेम करण्याचं दुकान आहे. आमचे हे लाकडी पट्ट्या कापून कोपरे जुळवतात, मी काच आणि पुठ्ठा कापते. ह्यांनी दादाचा लेख कापून घेतला, उत्तम पट्टीच्या फ्रेममध्ये बसवला आणि गल्ल्याच्या वर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमचे मेव्हणे! बाजार पडायच्या आधीच लिहून मोकळे!” मागची बाजू बिचारी पुठ्ठ्याला तोंड लावून बसली. मी गप्प राहिले. ह्या घरात माझ्या माहेरच्या एका तरी माणसाचं कौतुक होतंय, तर होऊ दे म्हटलं.

ते कौतुक माझ्याच अंगाशी आलं. दादा निवृत्त झाला आणि ह्यांच्या डोक्यात शिरलं की दुकान विकायचं, सगळे पैसे शेअरमध्ये घालायचे आणि कधी काय घ्यायचं ते दादा घरबसल्या सांगेल. ह्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. लोक हल्ली फोटो फोनमध्येच ठेवतात, फ्रेमला येतं कोण? शेजारच्या औषधवाल्याला जागा हवीच होती. तो सोमवारी बयाणा घेऊन येणार, इथपर्यंत गोष्ट गेली. मी भांडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. त्या दुकानात माझं काच कापायचं टेबल आहे, आणि त्या टेबलावर मी कोणाची बायको किंवा आई नसते. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. रविवारी मी दादाला दुकानात बोलावून घेतलं.

दादा आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, “जावईबापू, ती फ्रेम जरा खाली काढा. आणि मागून उघडा.”

ह्यांनी पक्कडीने खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला, कागद उलटा करून वाचला. “हे काय? तज्ज्ञ तर म्हणतायत चढणार!”

“ते तज्ज्ञ मीच. त्या आठवड्यात दोन्ही लेख मीच लिहिले होते.”

हे बराच वेळ कागद आलटून पालटून बघत राहिले. मला वाटलं, चला, उजेड पडला. तर ह्यांचा चेहरा फुलला.

“म्हणजे काही झालं असतं तरी तुम्ही बरोबरच! काय डोकं आहे दादा तुमचं!”

मी कपाळावर हात मारला. दादाने स्टूल पुढे ओढलं.

“अहो, बाजार का पडला ते मला आजही माहीत नाही,” तो म्हणाला. “लोकांनी विकलं म्हणून पडला. कोणाला घर बांधायचं असेल, कोणाचा पोरगा आजारी असेल, कोणी शेजाऱ्याने विकलं म्हणून विकलं असेल. हजार माणसं, हजार कारणं. माझ्याकडे जागा चार ओळींची.”

“पण टीव्हीवरचे ते एवढे मोठे लोक?”

“ते सकाळी माझी बातमी वाचून बोलायचे. आणि मी दुपारी त्यांना फोन करून बातमी लिहायचो.”

हे जरा गडबडले. “बरं, पण तुमचे स्वतःचे शेअर असतीलच ना?”

“एकही नाही.”

इतका वेळ जे कशाने झालं नव्हतं, ते ह्या दोन शब्दांनी झालं. हे मटकन खुर्चीत बसले. मला त्यांची दया आली. इतकी वर्षं ज्या माणसाला भिंतीवर टांगून मिरवलं, त्यानेच पायाखालचं स्टूल काढून घेतलं होतं.

“निवृत्तीचे पैसे बँकेत पडून आहेत,” दादा चाचरत म्हणाला. “घरी बसून माझा तो डावा कानसुद्धा गार पडलाय. दुकानात भागीदार घेता का?”

“ह्या दुकानात?” हे ओरडलेच. “दादा, इथे दिवसभरात धड गिऱ्हाईक येत नाही. असल्या धंद्यात पैसे घालायचं कारण काय?”

दादाने माझ्याकडे बघितलं, माझ्या टेबलाकडे बघितलं.

“कारण नंतर सापडतं, जावईबापू. जन्मभर तेच करत आलोय.”

मला रडू फुटत होतं, म्हणून मी उगाच फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले.   हे रिकामी फ्रेम हातात घेऊन तिच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. सोमवार डोक्यावर होता, आणि विचारायचा मला धीर होत नव्हता.

मग ह्यांनी तो कागद दिव्यासमोर धरला, दोन्ही बाजू एकदा बघितल्या आणि म्हणाले, “औषधवाल्याला नको म्हणून सांगतो. अगं, ह्याच मापाची अजून एक काच काप. पुठ्ठा नको आता. दोन्हीकडून दिसू दे.”

मी काच घेतली. एका रेघेत सरळ कापली गेली.